कॅबिनेट, एसएमपीएस, हार्ड डिस्क: खान्देशातल्या घरासाठी काय बघून घ्यायचं

घरी कॉम्प्युटर जोडायचं ठरलं की सगळा अभ्यास प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर होतो. रात्र रात्र जागून व्हिडिओ बघून झालेले असतात, मित्रांशी वाद घालून झालेले असतात, आणि यादीच्या तळाशी तीन ओळी तशाच राहिलेल्या असतात: कॅबिनेट, एसएमपीएस (म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरला चालेल अशी करून देणारा डबा), हार्ड डिस्क. तोवर पैसेही संपत आलेले असतात. मग काउंटरपलीकडून दुकानदार म्हणतो, "दादा, हे बघा, कॅबिनेटसोबतच एसएमपीएस येतो, साडेचारशे वॅटचा," आणि विषय तिथेच मिटतो.

माझं म्हणणं असं, की खान्देशात ही यादी खालून वर करावी. प्रोसेसर मुंबईत घेतला काय आणि दोंडाईचात घेतला काय, तो तोच असतो. या तीन वस्तूंची गाठ मात्र थेट तुमच्या घराशी पडते: मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जाणारं जळगाव-भुसावळचं ऊन, हवेतला फुफाटा आणि संध्याकाळी डिम होणारी लाईट. शिवाय चांगलं कॅबिनेट आणि चांगला एसएमपीएस दोन मदरबोर्ड बदलले तरी तसेच वापरता येतात. त्यामुळे इथे घातलेले पैसे पुढच्या मशीनलाही उपयोगी पडतात.

पहिली पायरी: आधी घर बघा

दुकानात जाण्याआधी जिथे कॉम्प्युटर ठेवायचा तिथल्या सॉकेटपाशी जा. तीन पिनच्या सॉकेटमध्ये वरचं मोठं भोक अर्थिंगचं. जुन्या घरांत, आणि खरं सांगायचं तर कित्येक नव्या घरांतही, त्या भोकामागे वायरच जोडलेली नसते. मशीन चालतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लागला की. बोटांना बारीक झिणझिण्या येतात.

हा एसएमपीएसचा दोष नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तिकडून येणारा किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. प्रवाह अगदी कमी असल्याने झटका बसत नाही, पण त्याच अवस्थेत कोणी पेनड्राइव्ह किंवा टीव्हीची एचडीएमआय केबल लावली तर पोर्ट जळू शकतो. आणि एसएमपीएसमध्ये कधी खरोखर फेज पत्र्याला टेकली, तर वाचवणारं अर्थिंगच असतं.

वायरमनला बोलावून एकदा मोजून घ्या. फेज आणि अर्थमध्ये जवळपास पूर्ण २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच. नुसत्या मीटरवर विसंबू नका. फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावायला सांगा, तो पूर्ण उजेडाने पेटला तर अर्थिंगमध्ये दम आहे. घरात ईएलसीबी (वीज जमिनीकडे गळली की लाईट तोडणारा स्विच) बसवलेला असेल तर तो या चाचणीत पडेल, आणि तसा पडणं हे बरोबरच आहे. हे काम स्वतः करू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पाइपभोवती कोरडी पोकळी तयार होते आणि डिसेंबरात उत्तम असलेलं अर्थिंग मेमध्ये नावापुरतं उरतं. फेब्रुवारीनंतर आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायची सवय लावा.

मग लाईटची तऱ्हा बघा. संध्याकाळी सात ते दहा या वेळात व्होल्टेज किती राहतो, लाईट दिवसातून किती वेळा जाते, जाऊन लगेच येते की तासाने, हे चार दिवस टिपून ठेवा. गावात डीपीवर लोड जास्त असेल तर १७०-१८० पर्यंत उतरलेला व्होल्टेजही दिसेल. त्याहून वाईट प्रकार म्हणजे न्यूट्रल तुटणं. तेव्हा दोन फेजांमध्ये अडकलेल्या घरांत व्होल्टेज चढतो आणि तो ४०० पर्यंतही जाऊ शकतो. वादळी पावसात एकाच गल्लीतले टीव्ही, फ्रिज आणि सेट टॉप बॉक्स एकदम जातात, त्यामागे बरेचदा हेच असतं. ढग भरून आले की प्लग काढून ठेवणं यापुढे कुठलंही महाग यंत्र फार मोठं नाही.

खोलीचं म्हणाल तर पत्र्याची खोली, वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली आणि खालची धाब्याची खोली यांत दुपारी बराच फरक पडतो. निवड हातात असेल तर खालची घ्या.

दुसरी पायरी: एसएमपीएस

दुकानात सगळ्यात आधी एसएमपीएस मागा, आणि खोक्यावरचा मोठा आकडा न वाचता डबा फिरवून बाजूचा स्टिकर वाचा. स्टिकरवर एक तक्ता असतो. वरच्या ओळीत +३.३, +५, +१२ असे व्होल्ट आणि खाली प्रत्येकाचे ॲम्पिअर. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे आपल्याला तोच एक रकाना बघायचा आहे. १२ ला त्याखालच्या ॲम्पिअरने गुणा. एखाद्या प्रामाणिक ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ३७ ॲम्पिअर दिसतील: १२ गुणिले ३७, म्हणजे ४४४ वॅट. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या '४५० वॅट'वर तिथे १६ लिहिलेलं असलं, तर तो कामाचा एसएमपीएस १९२ वॅटचाच आहे. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत भरून बेरीज फुगवलेली असते. काही डब्यांवर तर १२ व्होल्टचा रकानाच सापडत नाही. तो डबा तिथेच ठेवून द्या.

दुकानदार कदाचित मोठ्या चोवीस पिनच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडून दाखवेल. पंखा फिरू लागतो, "बघा, ओके आहे." त्याने एवढंच कळतं की एसएमपीएस चालू होतो. लोडवर तो किती टिकेल याचा त्या फिरत्या पंख्याशी संबंध नाही.

किती वॅटचा घ्यायचा? हिशोब सोपा आहे. समजा प्रोसेसर आय५-१२४०० आहे. तो जोरात असताना ११७ वॅटपर्यंत घेतो. सोबत आरटीएक्स ४०६० कार्ड असेल तर त्याचे ११५. मदरबोर्ड, रॅम, पंखे, डिस्क मिळून पन्नास-साठ धरा. सगळं २९० च्या घरात जातं. त्याला चांगला ४५० वॅटचा पुरतो, आणि ५५० वॅटचा घेतला तर पुढे कार्ड बदलायलाही वाव राहतो. कार्ड नसलेल्या, टॅली आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या मशीनला दीडशे वॅटसुद्धा लागत नाहीत. तरी तिथेही नावाजलेल्या कंपनीचा ४००-४५० चाच घ्या, कारण धड बांधणीचे एसएमपीएस सहसा तिथूनच सुरू होतात. ७५० किंवा ८५० वॅटचा 'असू दे' म्हणून घेण्यात मला अर्थ वाटत नाही. त्यापेक्षा तेच पैसे यूपीएसमध्ये घाला.

आता आपल्याकडची खास गोष्ट. एसएमपीएसचे वॅट कोणत्या तापमानाला मोजलेले आहेत, हे कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. काही ३० अंशांना मोजलेले असतात, काही ४० ला, काही ५० ला. ३० अंश म्हणजे आपल्याकडे डिसेंबरातली दुपार. मेमध्ये खोलीच ४२ वर असेल तर कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त, आणि ३० अंशांना मोजलेला ४५० वॅटचा एसएमपीएस तिथे ४५० देईलच असं नाही. म्हणून दोन मॉडेलमध्ये थोडाच फरक असेल तर ४० किंवा ५० अंशांचं रेटिंग असलेला निवडा. त्यातले कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत की ८५ चे, हेही बघा. या कपॅसिटरांबद्दलचा ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. सीलिंग फॅनखाली, भिंतीपासून वीतभर दूर ठेवलेलं मशीन आणि दिवाणाखाली कोंबलेलं मशीन यांच्या वयात फरक पडतो तो यामुळेच.

'८० प्लस'चा शिक्का म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के आतल्या भागांपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होते. याच शिक्क्याच्या ब्रॉन्झ पातळीला निम्म्या लोडवर ८५ टक्के लागतात, गोल्डला ९०. वीजबिलात यामुळे फार मोठा फरक पडेल असं नाही, पण वाया गेलेले वॅट तुमच्याच खोलीत उष्णता म्हणून उतरतात. साध्या घरगुती मशीनला ब्रॉन्झ पुरे. दिवसभर चालणाऱ्या, व्हिडिओ एडिटिंगच्या मशीनला गोल्डचा विचार करा. मात्र हा शिक्का विजेच्या बचतीचा आहे, सुरक्षेचा नाही. ओव्हर व्होल्टेज, ओव्हर करंट, शॉर्ट सर्किट आणि ओव्हर टेम्परेचर ही संरक्षणं वेगळी लिहिलेली हवीत. यातलं शेवटचं स्वस्त मॉडेलमधून हमखास गाळलेलं असतं, आणि आपल्याला तेच जास्त लागतं.

मागच्या बाजूला ११५/२३० लिहिलेलं लाल बटण दिसलं तर तो जुन्या धाटणीचा एसएमपीएस. ते बटण ११५ वर सरकलेलं असताना आपल्या लाईटवर लावला की फटाका. आजचे बरेच चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्ट आपोआप घेतात, त्यांना बटण नसतं. याचाच दुसरा फायदा म्हणजे डिम लाईटला असा एसएमपीएस स्वतःच सांभाळून घेतो, फ्रिजसारखा वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही.

यूपीएस मात्र लागतो. लाईट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरवर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. घरगुती यूपीएस बहुधा १० मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर जातो, म्हणजे गाडं निभतं. ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक ३६० वॅटचाच असतो. ऑफिसच्या मशीनला आणि मॉनिटरला तो चालेल. ग्राफिक्स कार्ड असेल तर १००० व्हीएच्या पुढचा बघा. घरात आधीच इन्व्हर्टर आहे का? मग त्याच्या मागे किंवा पुढे एक स्विच शोधा, त्यावर 'यूपीएस मोड' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असं लिहिलेलं असेल. बसवणारा माणूस तो नॉर्मलवरच ठेवून जातो, कारण पंखे-दिव्यांना चालतं. तो यूपीएसवर करा. आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे ना, हेही बघून घ्या. स्क्वेअर वेव्हवर आजचे काही एसएमपीएस कुरकुरतात, काही बंदच पडतात.

जोडण्या मोजा: मदरबोर्डची २४ पिन, प्रोसेसरची ४+४ पिन, कार्डाची ६+२ पिन, आणि डिस्कसाठी निदान चार साटा कनेक्टर. कनेक्टर कमी पडला म्हणून जुन्या चार पिनवरून साटा बनवणारी पन्नास रुपयांची पिन लावू नका. त्यातली साच्यात ओतलेली, वायरी न दिसणारी जात आतून शॉर्ट होऊन जळते.

तिसरी पायरी: कॅबिनेट

सगळे दिवे आणि काचा याच खात्यात येतात, त्यामुळे इथे मन घसरतं. समोरून अख्खी काच असलेलं कॅबिनेट दुकानात छान दिसतं. पण पुढच्या पंख्यांना हवा काचेच्या कडेच्या बोटभर फटीतून ओढावी लागते. आपल्याकडे माणसं अशी बंद कॅबिनेट मुद्दाम घेतात, की धूळ जाऊ नये. धूळ जातेच. मागचा पंखा हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते, आणि मग ती फिल्टर नसलेल्या फटींतून धूळ घेऊन येते. कूलर लावून मागची खिडकी बंद ठेवली तर खोली जशी गार होण्याऐवजी चिकट होते, तसं या कॅबिनेटचं असतं: हवेला एका बाजूने यायला आणि दुसऱ्या बाजूने जायला रस्ता हवा.

म्हणून समोर जाळी असलेलं घ्या, आणि जाळीमागचा फिल्टर पाच सेकंदांत हाताने निघतो का ते दुकानातच करून बघा. स्क्रू काढून, पुढचं पॅनल उखडून निघणारा फिल्टर कोणी धूत नाही. पुढून आत फेकणारे दोन १२० मिलिमीटरचे पंखे, मागे बाहेर फेकणारा एक. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त असली की कॅबिनेटमध्ये किंचित दाब राहतो, मग फटींतून हवा बाहेरच्या बाजूला जाते आणि धूळ बहुतांशी फिल्टरवरच अडकते. सोबत आलेले पंखे सगळेच्या सगळे रंगीत दिव्यांचे आणि एकाच वेगाने घोंघावणारे असतील, तर दोन साधे चार पिनचे पंखे वेगळे घेतलेले बरे. मदरबोर्ड त्यांचा वेग तापमानानुसार कमी-जास्त करू शकतो.

जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांनी फिल्टरकडे जास्त लक्ष द्यावं. कापसाच्या हंगामात जाळीवर आधी नुसती राखाडी धूळ बसते, मग त्यात रुईचे तंतू गुंततात, आणि काही आठवड्यांत असा थर तयार होतो की एका कोपऱ्याला नख लावलं तर अख्खा सोलून निघतो. तो सोलल्यावर पंख्याचा आवाज लगेच बदलतो. दिवाळीपासून होळीपर्यंत दर पंधरवड्याला आणि एरवी महिन्याला फिल्टर पाण्याखाली धरायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा, परत लावायचा. आतली धूळ मऊ ब्रशने आणि छोट्या ब्लोअरने, अंगणात नेऊन काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नका. त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि जोर इतका की पंख्याची बेअरिंग जाते.

मापं आता बघू. मदरबोर्ड एटीएक्स असेल तर ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो, उलट नाही. आपल्या हवेसाठी मायक्रो एटीएक्स बोर्ड आणि मध्यम टॉवर ही जोडी मला सगळ्यात सोयीची वाटते: बोर्ड स्वस्त, आणि आत हवा खेळायला जागा. मिनी आयटीएक्सचं इवलंसं कॅबिनेट टेबलावर गोड दिसतं, पण एसी नसलेल्या खोलीत त्याच्या वाटेला नवख्या माणसाने जाऊ नये. प्रोसेसरवर उंच टॉवर कूलर बसवायचा असेल तर त्याची उंची, जी बहुधा १५५ ते १६० मिलिमीटर असते, आणि कार्डाची लांबी, या दोन्ही कॅबिनेटच्या माहितीत दिलेल्या मर्यादेत आहेत ना हे पैसे देण्याआधी ताडून घ्या.

डिस्कसाठीच्या जागाही मोजा. नव्या कॅबिनेटांत साडेतीन इंची डिस्कचे दोनच कप्पे असतात, काहींत एकच, तोही एसएमपीएसच्या झाकणाखाली, जिथे पंख्याची हवा पोचत नाही. दोन हार्ड डिस्क लावायच्या असतील तर पुढच्या पंख्यामागे कप्पे असलेलं कॅबिनेट शोधा.

मागच्या बाजूच्या पट्ट्या सगळ्या आहेत ना, तेही बघा. कार्ड काढलं की ती पट्टी परत लावायची राहते आणि त्या फटीतून पाल आत जाते. उबेला येते ती थेट एसएमपीएसजवळ. पुढचं सांगायला नको.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. झाडू आणि पोछा दोन्ही तिथूनच फिरतात, आणि एसएमपीएसचा पंखा खालूनच हवा ओढतो. वीतभर उंचीचं स्टूल पुरे. आणि डेझर्ट कूलरच्या थेट झोतात तर मुळीच नको. गार हवा मिळते म्हणून लोक तिथेच ठेवतात. पण झोतासोबत बारीक तुषार येतात, आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, ते वाळून जाळीवर आणि पुढे बोर्डावर पांढरे डाग पडतात. खोली गार होऊ द्या, मशीन बाजूला राहू द्या.

चौथी पायरी: हार्ड डिस्क

इथे आधी एक गोष्ट पक्की करून टाकू. विंडोज असो की लिनक्स, ती एसएसडीवरच, म्हणजे आत काहीही न फिरणाऱ्या, चिपवाल्या डिस्कवरच. फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज ११ टाकून नव्या प्रोसेसरची गंमत बघायला जाऊ नका, मशीन चालू व्हायला लागणाऱ्या वेळात चहा होतो. हार्ड डिस्क सेकंदाला १५०-२०० एमबी वाचते, साटा एसएसडी ५५० च्या आसपास, आणि एनव्हीएमई प्रकारातली साधी एसएसडीसुद्धा तीन हजारांच्या पुढे. साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक रोजच्या वापरात फारसा जाणवत नाही. हार्ड डिस्क आणि एसएसडी यांतला मात्र पहिल्या मिनिटाला जाणवतो.

च्युइंगमच्या पट्टीएवढ्या एम डॉट टू एसएसडीमध्ये फसगत होते. ती साटाही असते आणि एनव्हीएमईही, दिसायला जवळपास सारखीच. मदरबोर्डच्या खाचेत नुसती एनव्हीएमईच चालत असेल तर साटा पट्टी बसेल, पण दिसणार नाही. बोर्डाच्या पुस्तिकेत ते एका ओळीत लिहिलेलं असतं. काही बोर्डांत ती खाच वापरली की एखादा साटा पोर्ट बंद होतो, तेही तिथेच सापडतं. लांबी बहुधा २२८० असते, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब.

५०० जीबी की १ टीबी, हे पाकीट ठरवेल. विंडोजमध्ये ५०० ची ४६५ आणि १ टीबीची ९३१ दिसेल, त्यात फसवणूक नाही: कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. एसएसडीचं लिहिण्याचं आयुष्य टीबीडब्ल्यूमध्ये, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहिता येतील त्यात, दिलेलं असतं. १५० टीबीडब्ल्यूची एसएसडी रोज २० जीबी लिहूनही वीस वर्षं पुरते, म्हणून घरगुती वापरात त्या आकड्याची धास्ती नको. अनोळखी नावाची, निम्म्या भावातली एसएसडी मात्र नको. भावात फार तफावत दिसली की आत काय भरलंय ते कोणालाच माहीत नसतं.

मग फिरती हार्ड डिस्क कोणाला? लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याला, फोटो स्टुडिओवाल्याला, वर्षानुवर्षांचं सगळं साठवणाऱ्याला. मोठ्या साठ्याला अजून तीच परवडते. सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तिघांखेरीज हार्ड डिस्क बनवणारं आज कोणी उरलेलं नाही, त्यामुळे नावाचा घोळ नाही. घोळ आहे तो सीएमआर आणि एसएमआरचा. सीएमआर डिस्कमध्ये डेटाच्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात, एसएमआरमध्ये त्या कौलांगत एकावर एक चढवलेल्या असतात. एसएमआर वाचायला ठीक, पण शंभर-दोनशे जीबी सलग लिहायला घेतले की वेग कोसळतो. कंपनीच्या माहितीपत्रकात मॉडेल नंबर शोधला की कोणती जात ते कळतं. नुसता साठा करायचा असेल तर एसएमआर चालेल, त्यावरच एडिटिंग करायचं असेल तर सीएमआरच.

तापमानाचं गणित इथेही आहे. घरगुती हार्ड डिस्क सहसा ६० अंशांपर्यंत चालवायच्या असतात. खोली ४२, कॅबिनेटच्या आत ५०, आणि डिस्कची स्वतःची उष्णता: मेमध्ये आपण त्या रेषेच्या फार जवळ असतो. म्हणून ती पंख्यासमोर हवी.

बाजारात जांभळ्या लेबलच्या, सीसीटीव्हीच्या डिस्क स्वस्तात दिसतात. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग अखंड लिहिण्यासाठी त्या बनवलेल्या आहेत. नवी असेल तर कॉम्प्युटरलाही चालते, पण स्वस्तातली बरेचदा कुठल्या तरी डीव्हीआरमधून काढून पुसून विकायला ठेवलेली असते. ओळखायची कशी, ते खाली येतंच आहे.

टॅलीचा डेटा, जमिनीचे कागद, पोरांचे फोटो हे एकाच डिस्कवर ठेवणं म्हणजे न ठेवल्यासारखंच. एक प्रत मशीनमध्ये, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, आणि जमलं तर तिसरी भावाकडे किंवा दुसऱ्या गावी. माळ्यावर वर्षभर टाकून द्यायच्या प्रतीसाठी एसएसडी वापरू नका. विजेविना, उन्हाळ्याच्या उष्णतेत, विशेषतः घासून जुन्या झालेल्या एसएसडीतला डेटा हळूहळू विरत जातो. तिथे हार्ड डिस्कच बरी.

पाचवी पायरी: खरेदी आणि पहिला दिवस

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये विचारा, धुळ्यात विचारा, नंदुरबारकरांना सुरत जवळ पडतं, शिरपूरकरांना इंदूर. ऑनलाइन भावही काढा. पण या तीन वस्तूंपुरता गावातल्या दुकानाला मी दोन-अडीचशे रुपये जास्त देईन. एसएमपीएस जड असतो, बिघडला तर पाठवणी-आणवणीचा खर्च आणि वेळ दोन्ही जातात, आणि सगळ्या कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं आपल्या तिन्ही जिल्ह्यांत नाहीत. काउंटरवर पहिला प्रश्न किमतीचा नको. "भाऊ, यानी वारंटी कितली शे, आनि कोन देस, तुम्ही का कंपनी?" हा हवा. दुकानाची वॉरंटी एका वर्षाची आणि कंपनीची तीन किंवा पाच वर्षांची, असं सर्रास असतं. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर लिहून घ्या. "बिलाशिवाय अठरा टक्के वाचतात" हे ऐकून खूश होऊ नका, वॉरंटीच्या वेळी तेच आडवं येतं. आणि वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतला डेटा नाही.

डिस्कचा सिरियल नंबर काउंटरवर उभ्या उभ्याच मोबाईलवर कंपनीच्या साइटवर टाका. वॉरंटी संपलेली किंवा नंबरच न सापडणारी निघाली तर तिथल्या तिथे परत करा.

जोडताना या तिघांपुरत्या काळज्या एवढ्याच. कॅबिनेटच्या आतल्या पितळी खुंट्या बोर्डाच्या भोकांखालीच आणि तेवढ्याच असू द्या, एखादी जास्तीची राहिली तर बोर्ड मागून शॉर्ट होतो. कॅबिनेटच्या तळाला जाळी असेल तर एसएमपीएसचा पंखा खाली तोंड करून बसवा, नसेल तर वर. हार्ड डिस्कला चारही स्क्रू लावा, दोनावर ती थरथरते. आणि मॉड्युलर एसएमपीएस असेल, म्हणजे ज्याच्या केबल निघतात, तर जुन्या एसएमपीएसची केबल नव्याला लावायची नाही. टोक बसतं, पण एसएमपीएसकडच्या बाजूच्या पिनांचा क्रम प्रत्येक मॉडेलला वेगळा असू शकतो. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की डिस्क त्याच क्षणी संपते.

विंडोज टाकून झालं की क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. वर उजव्या कोपऱ्यात डिस्क किती तास चाललीय ते दिसतं. नव्या डिस्कवर हा आकडा अगदी किरकोळ हवा. चार आकडी दिसला तर ती कुठून तरी काढलेली आहे. काही जण हा आकडाही शून्य करून विकतात, म्हणूनच आधी सिरियल नंबर तपासायला सांगितलं. खालच्या यादीत हार्ड डिस्कच्या ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींसमोर 'रॉ व्हॅल्यूज'च्या रकान्यात शून्यच हवं. सी७ वाढत असेल तर डिस्क नव्हे, साटा केबल बदला. मग शंभरेक जीबीचं काहीही डिस्कवर कॉपी करायला लावा आणि भर दुपारी, पंख्याखाली, तापमान बघत बसा. हार्ड डिस्क ५५ च्या पुढे जात असेल तर कप्पा बदला किंवा तिच्यासमोर पंखा लावा, आणि हे सगळं दुकानदाराने दिलेल्या बदलीच्या मुदतीच्या आत उरकून घ्या.